पट्ट्याचं दुसरं टोक

दुरुस्तीच्या टेबलावर आलेली एक गिटार डोक्यातून जात नाही. साधीच, काळ्या पॉलिशची, नवशिक्याला घेऊन देतात तसली. नेकचं, म्हणजे लांब दांड्याचं, लाकूड जिथे बॉडीला येऊन टेकतं त्या टाचेला, म्हणजे हीलला, खालून प्लास्टिकची पातळ टोपी चिकटवलेली असते. ती टोपी उभी तडकली होती आणि भेगेच्या तोंडाशी पितळी स्क्रूचा तुटका बुंधा चमकत होता. डोकं नाही, पट्टा अडकवायचं बटण नाही. तारा सुरात होत्या, आवाजाला काही झालेलं नव्हतं, नुकसान म्हणावं तर किरकोळ. पण भोक टोपीच्या अगदी मधोमध होतं, पट्टीने मोजून काढल्यासारखं. बसवणाऱ्याने मनापासून काळजी घेतली होती. फक्त जिथे घ्यायला हवी होती तिथे नाही.

अकूस्टिक गिटारचा खोका उघडला की बहुतेकदा हेच दिसतं: बॉडीच्या बुडाशी पट्टा अडकवायची एक पिन आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. पट्टा विकत आणला की त्याच्यासोबत एक काळी नाडी येते, आणि नाडी कशासाठी हे दुकानदार सांगत नाही. मग महिना-दोन महिने विचार चालतो. भोक पाडायचं का? आवाज बिघडेल का? नंतर विकताना किंमत उतरेल का? नव्या घराच्या भिंतीत पहिला खिळा ठोकताना हात थांबतो तसाच इथेही थांबतो, आणि थांबावा. पण या थांबण्यात विचारला जाणारा प्रश्न सहसा चुकीचा असतो. आवाजाची काळजी सोडून द्यावी. आवाज निर्माण होतो तो पुढच्या पातळ फळीत. हील हा गिटारचा सगळ्यात जाड, सगळ्यात मुका भाग. तिथे अडीच मिलिमीटरचं भोक आणि दोन-चार ग्रॅमचं बटण आल्याने कानाला काहीही फरक पडत नाही. विचारायचं ते हे, की भोक जिथे पडणार तिथे आत काय आहे.

कारखान्यातून एकच पिन का येते, याचं उत्तर अर्धं सवयीत आहे. गिटार मुळात बसून वाजवायचं वाद्य. आज जिला क्लासिकल म्हणतात त्या गिटारला स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने एकोणिसाव्या शतकात घाट दिला. ती मांडीवर घेतात आणि डावा पाय छोट्या स्टुलावर टेकवतात. त्याच्याही आधी दिओनिसिओ आग्वादो या वादकाने गिटार अंगाला न टेकवता धरून ठेवणारी तिकाटणी बनवली होती, ‘त्रिपोदिसॉन’ नावाची. गिटार धरायची कशी ही डोकेदुखी बरीच जुनी आहे, एवढाच याचा अर्थ. पुढे अमेरिकेत धातूच्या तारा आल्या, बॉडी मोठी झाली. १९१६ मध्ये मार्टिन या गिटार कंपनीने दुसऱ्या कंपनीसाठी बनवलेली ड्रेडनॉट ही मोठ्या बॉडीची गिटार १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला काढली. त्याच सुमारास नेक बाराव्याऐवजी चौदाव्या फ्रेटशी (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) बॉडीला मिळू लागली, म्हणजे डोकं आणखी लांब गेलं. गाणारे उभे राहिले, आणि पट्ट्याचं मोकळं टोक त्यांनी हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाशी खुंट्या असतात त्या डोक्याला, बांधलं. कारखाने बुडाशी एक पिन देत राहिले. कुणाची फारशी तक्रार नव्हती.

हेडस्टॉकला बांधणं ही आजही वाईट सोय नाही. ब्लूग्रास हे अमेरिकन लोकसंगीत वाजवणारे कित्येक जण मुद्दाम तसंच बांधतात. नाडी नट (तारा जिच्या खाचांतून नेकवर येतात ती छोटी पट्टी) आणि ट्यूनिंगच्या खुंट्या यांच्या मधून न्यायची, आणि ती तारांच्या खालून जायला हवी. वरून गेली तर तारा दाबल्या जातात आणि सूर हलतो. वजन गिटारच्या दोन टोकांना वाटलं जातं, त्यामुळे नेक खाली झुकत नाही, हात सोडला तरी गिटार आडवी राहते. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, पट्टा डाव्या हाताच्या अगदी शेजारून जातो. पहिल्या तीन फ्रेटवर एफ किंवा बी-फ्लॅट हे कॉर्ड धरताना मनगट त्याला घासतं. दुसरी, पट्ट्याचा ओढा थेट नेकच्या टोकावर येतो. हाताने जोर दिला की सूर किंचित सरकतो. ट्यूनर लावून पाहिलं तर काटा हललेला दिसतो. नेक त्याने वाकडी होते असं सांगणारे भेटतात. पण नेकला ताराच मुळात साठ-सत्तर किलोच्या ताणाने ओढत असतात, त्यापुढे दोन किलोच्या गिटारचं लटकणं काहीच नाही. बांधून पाहावं. आठवडाभर वाजवून हात अडखळला नाही तर विषय तिथेच संपला, ड्रिल कपाटात.

हात अडखळतो त्यांनी पुढे वाचावं.

पहिलं काम स्क्रूचं नाही, टॉर्चचं आहे. तारा सैल करा, दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, आत घाला आणि नेकच्या बाजूचा ठोकळा बघा. तिथे षटकोनी खाच असलेल्या बोल्टची डोकी दिसली तर नेक बोल्टने जोडलेली आहे. कधी ती लेबलखाली किंवा लाकडी पट्टीखाली लपलेली असतात. टेलर या गिटार कंपनीने १९९९ पासून आणलेल्या जोडणीत बोल्टच असतात, पण आत डोकावताच ते समोर दिसतील असं नाही. हे बोल्ट बॉडीच्या आतून हीलमध्ये शिरतात आणि तिथे पितळेच्या किंवा लोखंडाच्या आट्यांमध्ये बसतात. ड्रिल त्यावर आपटलं तर बिट मोडतं, किंवा त्याहून वाईट, आटे खराब होतात आणि नेकचा जोड ढिला पडतो. म्हणून खालच्या बोल्टचा मध्य पाठीच्या फळीपासून किती वर आहे ते आतून मोजायचं, पाठीच्या जाडीचे अडीच-तीन मिलिमीटर त्यात मिळवायचे, आणि ते माप बाहेरून हीलवर पेन्सिलने उतरवायचं. भोक त्या खुणेपासून निदान आठ-दहा मिलिमीटर लांब राहिलं पाहिजे. बोल्ट नसतील तर बहुधा डव्हटेल म्हणजे पक्ष्याच्या शेपटीच्या आकाराचा चिकटवलेला जोड असतो. त्याचा खुंटा बॉडीच्या आतल्या ठोकळ्यात असतो, बाहेर दिसणारी हील भरीव लाकडाची. तिथे मनावरचं ओझं बरंच कमी होतं.

आरसा बाहेर काढल्यावर एक साधा कागद घ्यावा. हील आणि बॉडी यांच्या फटीत, टोपीच्या बाजूने, तो सरकवून पाहावा. सरकला तर बटणाचा विचार बाजूला ठेवा. जोड उचलायला लागला आहे आणि तिथे पट्टा अडकवणं म्हणजे त्याला हात देऊन बाहेर ओढणं. आधी जोड नीट करून घ्यायचा. तसंच हीलवर उजेड तिरका पाडून रंगाच्या बारीक आडव्या रेषा दिसतात का बघायच्या. स्वस्त गिटारींची हील एका लाकडाची नसते, दोन-तीन तुकडे एकावर एक चिकटवून केलेली असते. त्यात चूक काही नाही, लाकूड वाचतं. पण स्क्रू नेमका चिकटवलेल्या रेषेत गेला तर तो पाचरीचं काम करतो आणि जोड उकलतो. रेषेपासून पाच मिलिमीटर दूर.

आता जागा. इथे दोन मतं आहेत आणि त्यातलं एक मला पटत नाही. टोपीच्या मधोमध बटण बसवण्याची पद्धत दिसायला नेटकी आहे, काही कारखान्यांतूनही तशी येते. पण तिथे टोपी बहुधा लाकडाची असते, खाली काय आहे ते माहीत असतं. बाहेर बसवताना टोपी पुष्कळदा प्लास्टिकची निघते, दोन मिलिमीटर जाडीची, आणि स्क्रूच्या डोक्याखाली चिरते. शिवाय ती जागा गिटारच्या पाठीच्या पातळीवर येते. बुडाची पिन बॉडीच्या जाडीच्या मध्यावर आणि दुसरं बटण पाठीवर, म्हणजे गिटारचा तोल टांगणीच्या रेषेच्या पुढे राहतो. उभं राहिलं की तोंड जमिनीकडे झुकतं आणि वाजवणारा सारखा कोपराने ते मागे ओढत बसतो. कडक पेटीत ठेवताना पेटीच्या तळावर आधी ते बटणच टेकतं, तो धक्का हीलला. म्हणून मला बाजूची जागा पसंत आहे: उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी हीलची जमिनीकडची बाजू, म्हणजे बारीक तारांची, टोपीच्या कडेपासून बारा ते पंधरा मिलिमीटर वर आणि बॉडीच्या भिंतीपासूनही तेवढीच दूर. पट्ट्याचं चामडं हीलच्या मागून वळसा घेऊन खांद्याकडे जातं, हील आणि छाती यांच्यामध्ये दाबलं जातं, त्यामुळे सहजी निसटत नाही. वरच्या बाजूला, जाड तारांकडे, बसवलं तर चामड्याचा उभा कान अंगठ्याला टोचत राहतो. डावखुऱ्या गिटारला अर्थात उलटं.

कटअवे, म्हणजे नेकच्या शेजारी बॉडीला कापलेला खड्डा, असेल तर मात्र हे गणित बदलतं. कटअवेचा खड्डा नेमका बारीक तारांच्या बाजूला असतो आणि पंधराव्या-सोळाव्या फ्रेटकडे जाणारा हात तिथूनच आत शिरतो. बटण आणि चामडं त्याच्या वाटेत उभं राहतं. वरच्या फ्रेटवर खरोखर वाजवत असाल तर टोपीची जागा किंवा जाड तारांची बाजू पत्करावी, आणि टोपी निवडली तर भोक टोपीतून किंचित मोठं पाडावं, म्हणजे स्क्रूचे आटे प्लास्टिकमध्ये न अडकता थेट लाकडाला धरतील. त्या काळ्या गिटारमध्ये नेमकं एवढंच राहून गेलं होतं. जागा ठरवण्याआधी पट्ट्याची नाडी हीलभोवती घट्ट बांधून, गाठ एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला ठेवून, खाली गादी असताना उभं राहून बघता येतं. तोल कुठे जातो ते लगेच समजतं. डाव्या हाताने आधार मात्र सोडू नये.

सामान फार नाही. एक बटण, एक २५ मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड लाकडी स्क्रू, बटणाखाली ठेवायला फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाची, चकती. बटण आणि चकती यांतच स्क्रूची आठ-दहा मिलिमीटर लांबी जाते, लाकडात पंधरा-सोळा उरते, तेवढी पुरे. जास्त लांब स्क्रूने पकड वाढत नाही, धोका वाढतो. फेल्टऐवजी रबर किंवा मऊ प्लास्टिकची चकती लावू नये. जुन्या धाटणीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर असलेल्या गिटारवर रबर महिनोन्‌महिने टेकून राहिलं की पॉलिश विरघळल्यासारखं चिकट होतं. हीच गोष्ट रेक्झिनच्या पट्ट्याची. वाजवून झाल्यावर तो गिटारवर गुंडाळून पेटीत टाकायचा नाही.

गिटार टॉवेलवर कुशीवर ठेवावी, कुणाला तरी नेक धरायला सांगावं. जागेवर मास्किंग टेप लावायची, तिच्यावर खूण करायची आणि दाभणाने खड्डा पाडायचा. हीलचा पृष्ठभाग गोलाकार असतो. खड्डा नसेल तर बिट घसरतं आणि पॉलिशवर लांब ओरखडा काढतं. आधी दीड मिलिमीटरचं बिट, मग अडीचचं. महोगनीसारख्या मध्यम लाकडाला अडीच पुरतं. मेपलसारखं कठीण असेल तर २.८. मोजायचं ते स्क्रूचे आटे सोडून, मधला गाभा. बिटावर अठरा मिलिमीटरवर टेपचा झेंडा लावा म्हणजे खोली चुकत नाही. बिट थोडं लांब असावं. लहान बिट घेतलं की ड्रिलचा चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, बॉडीच्या कडेवर घासतो, आणि भोक पाडणाऱ्याची नजर भोकाकडे असते, चककडे नसते. असे चंद्रकोरीसारखे ओरखडे कितीतरी गिटारींवर दिसतात. दोन बोटांत धरून फिरवायचं हातड्रिल मिळालं तर तेच घ्या. वेळ लागतो, लाकडाचा भुसा हळूहळू बाहेर येतो, लाकूड कोरडं आहे की नरम ते बोटांना कळतं. भुसा लालसर-तपकिरी येता येता अचानक राखाडी, चमकदार झाला तर थांबा. तो धातू आहे.

भोक झालं की एक गोष्ट बहुतेक जण गाळतात. भोकाच्या तोंडाशी पॉलिशची जी कड उरते ती स्क्रूच्या आट्यांत अडकून वर उचलली जाते, आणि बटणाभोवती पांढरी कंगणी दिसू लागते किंवा टवका उडतो. आजकालचं पॉलिएस्टर पॉलिश जाड आणि ठिसूळ, त्यात तर हमखास. म्हणून काउंटरसिंक, म्हणजे शंकूच्या तोंडाचं, बिट हातात धरून, मशीन न लावता, दोन-तीन फेरे फिरवून ती कड उतरवून घ्यायची. मग स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळायचं. पितळी स्क्रू बसवायचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी आत पिळून बाहेर काढा. आटे तो पाडून देतो आणि नरम पितळ नंतर त्याच वाटेने बिनबोभाट जातं. पितळी स्क्रू मोडतात ते बहुतेक वेळा अरुंद भोकात, कोरडे, शेवटच्या दोन फेऱ्यांत. पेचकस स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा हवा आणि पिळणं हाताने. बटण फिरायचं थांबलं, फेल्ट किंचित दबला, की पुरे.

मोडलाच तर पक्कड घेऊन भोक मोठं करत बसू नये. बुंध्याभोवती बसेल अशी सहा-सात मिलिमीटरची पोलादी नळी घेऊन तिच्या कडेला कानसीने दात पाडतात आणि ती हळू फिरवत स्क्रू लाकडाच्या गाभ्यासकट बाहेर काढतात. उरलेली जागा लाकडी खुंटीने बुजवायची. इथे बाजारातली गोल दांडी कापून ठोकू नये, कारण तिचे धागे उभे असतात आणि नवा स्क्रू धाग्यांच्या दिशेने आत शिरल्यावर पकड धरत नाही. आडव्या धाग्याची, प्लग कटरने कापलेली खुंटी हवी. नुसते आटे गेले असतील, म्हणजे स्क्रू फिरतो पण आवळत नाही, तर दोन-तीन टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात बसवा, रात्रभर वाळू द्या, सपाट कापा. हा जुगाड वाटतो पण वर्षानुवर्षं टिकतो.

बुडाच्या पिनकडे कुणी बघत नाही, आणि गिटारी पडतात त्या बहुधा तिच्यामुळे. पुष्कळ पिना स्क्रूच्या नसतात. निमुळत्या आकाराच्या असतात, नुसत्या दाबून बसवलेल्या. पावसाळ्यात कोकणात हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर जातो, लाकूड फुगतं आणि पिन दगडासारखी घट्ट होते. तीच गिटार एप्रिलमध्ये नागपूरला नेली तर लाकूड आकसतं आणि पिन हाताने ओढली तरी येते. पट्टा लावण्याआधी ती फिरवून, ओढून बघायची सवय ठेवावी. सैल असेल तर पिनला खडू चोळून पुन्हा दाबतात, व्हायोलिनच्या खुंट्यांना चोळतात तसा. निमुळत्या भोकात सरळ स्क्रू घालायचा प्रयत्न करू नये, ते भोक आधी बुजवावं लागतं. पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरकडे पाठवायची सोय, असलेल्या गिटारीत पिनच्या जागी केबल खोचायचा जॅक असतो. त्याची नळी जाड, पट्ट्याचं भोक तिच्यावर चढत नाही, जबरदस्तीने चढवलं तर वाजवता वाजवता उतरतं. शिवाय केबल काढता-घालताना जॅक फिरला की आतला नट सैल होतो आणि वायर पिळून तुटते. चामड्याचं भोक थोडं कापून मोठं करणं आणि बाहेरून रबरी चकती चढवणं हा उपाय स्वस्त आहे. खटक्याच्या झाकणाच्या बिअरच्या बाटलीवरची जाड रबरी चकती जगभरचे वादक याचसाठी जपून ठेवतात. ती पट्ट्यावर बसते, पॉलिशवर नाही, म्हणून चालते.

आता कुणी भोक पाडू नये, तेही. वॉरंटीत असलेली गिटार आधी अधिकृत दुकानात विचारून घ्या, कित्येक जण तिथेच बसवून देतात. जुनी, संग्रहात ठेवण्याजोगी गिटार असेल तर हात लावू नका. तिथे भोकाचा अर्थ पैशात मोजला जातो. क्लासिकल गिटारला बुडाशीही पिन नसते, म्हणजे दोन भोकं. तिथे मला स्टूल बरा वाटतो. साउंडहोलला आकडा लावून गळ्यात घालायचा पट्टा मिळतो, पण त्यात गिटार पुढून धरलेली असते, हात सोडला की ती उलटून पडते. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा किंवा हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात, त्यांना हा प्रश्नच नाही. आणि मांडी घालून बसून वाजवणारे? आपल्याकडे शिकणाऱ्यांत तेही पुष्कळ. त्यांना पट्ट्याची गरज नाही असं सहज म्हटलं जातं, पण मांडी घातल्यावर गुडघा खाली जातो, गिटार घसरते आणि डावा हात नकळत नेक पेलू लागतो. अंगठा दुखतो तो एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बारे कॉर्डमुळे असं वाटत राहतं. आखूड केलेला पट्टा गळ्यात असला की हा भार सुटतो. बसून वाजवणाऱ्यालाही बटण उपयोगी पडतं ते असं, उभं राहण्याची कधी वेळ न येता.

बसवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत फेल्ट दबतो, बटण थोडं हलू लागतं. पाव फेरा आवळा. पुढे उन्हाळा लागला की पुन्हा एकदा बघा, लाकूड आकसलेलं असेल तर परत पाव फेरा. पेचकस पूर्ण फेरा फिरला आणि तरी काही घट्ट झालं नाही, तर अजून पिळू नका, आटे गेलेत. टूथपिक आणि फेव्हिकॉल.